अमेरिकेत चष्म्याचा किंवा औषधांचा व्यवसाय शिकताना

अमेरिकेत नुकत्याच स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत, विशेषतः जिथे पती-पत्नींपैकी एकाची नोकरी पक्की आहे आणि दुसऱ्याची पदवी मात्र सामानाच्या पेटीत घडी मोडल्यावाचून पडली आहे अशा घरांत, कधी ना कधी हा विचार निघतोच की, जवळच्या कम्युनिटी कॉलेजात जाऊन वर्ष-दोन वर्षांत पदरात पडेल असे काही शिकावे काय. आणि तो निघाला म्हणजे औषधांच्या दुकानातील फार्मसी टेक्निशियन आणि चष्म्याच्या दुकानातील ऑप्टिशियन या दोन व्यवसायांची नावे हमखास पुढे येतात. कारण दोन्हींचे शिक्षण आटोपशीर, दोन्हींना लागणारा खर्च विद्यापीठाच्या मानाने माफक, आणि दोन्हींच्या जागा लहानशा गावातही निघतात. या दोन मार्गांनी जाऊ इच्छिणाऱ्यांना पहिली विनंती अशी की, कॉलेजचे चकचकीत माहितीपत्रक त्यांनी सर्वांत शेवटी वाचावे, आणि ज्या राज्यात आपण राहतो त्या राज्याचा त्या व्यवसायासंबंधीचा कायदा सर्वांत आधी वाचावा.

कम्युनिटी कॉलेज ही संस्था त्या देशाची खास स्वतःची आहे. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली निघालेले ज्युनिअर कॉलेज हे सार्वजनिक खर्चाने चालणाऱ्या अशा संस्थांतील सर्वांत जुने, आणि राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या उच्चशिक्षण आयोगाने १९४७ साली ‘कम्युनिटी कॉलेज’ या नावाचा व कल्पनेचा पुरस्कार केल्यापासून तिचा प्रसार वेगाने झाला. तिथे प्रवेशाची स्पर्धा सहसा नसते, वयाची अट नसते, चाळिशी उलटलेली गृहिणी आणि नुकताच शाळेतून बाहेर पडलेला मुलगा शेजारी शेजारी बसतात, आणि वर्ग पुष्कळदा संध्याकाळी भरतात. तथापि जिथे प्रवेश सुलभ तिथे निवडीची सारी जबाबदारी विद्यार्थ्यावर येते. त्या प्रमाणपत्राचा राज्याच्या दप्तरी काही उपयोग आहे की नाही, हे प्रवेशाच्या वेळी आपण होऊन सांगणारा माणूस भेटेलच असे नाही.

चष्म्याच्या व्यवसायात या उपयोगाचा फरक फार मोठा पडतो. जवळजवळ निम्म्या राज्यांत ऑप्टिशियनला सरकारी परवाना लागतो आणि उरलेल्या राज्यांत लागत नाही. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, फ्लॉरिडा, व्हर्जिनिया, ओहायो ही परवान्याची राज्ये. उलट पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय, मिशिगन, टेक्सास येथे परवान्यावाचून हे काम करता येते. म्हणजे डेलावेअर नदीच्या अलीकडे न्यू जर्सीत जे काम परवानाधारकाच्या हाताखालीच शिकावे लागते, ते पूल ओलांडून पलीकडे पेनसिल्व्हेनियात गेल्यावर दुकानदाराच्या मर्जीवर राहते. परवान्याच्या राज्यांतही बहुधा दोन वाटा असतात : एक कॉलेजच्या पदविकेची, दुसरी उमेदवारीची. फ्लॉरिडात उमेदवारीच्या वाटेने जाणाऱ्याला ६,२४० तासांचे काम नोंदवावे लागते, आणि ते भरता भरता तीन वर्षे सहज जातात. त्या मानाने दोन वर्षांची मान्यताप्राप्त पदविका पुष्कळांना श्रेयस्कर वाटावी यात नवल नाही. मात्र ‘मान्यताप्राप्त’ या विशेषणावर बोट ठेवून विचारावे. कॉलेजला सर्वसाधारण मान्यता असणे निराळे आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला कमिशन ऑन ऑप्टिशियनरी अॅक्रेडिटेशन या संस्थेची मान्यता असणे निराळे. परवाना देणारे मंडळ विचारते ते दुसरीविषयी.

फार्मसी टेक्निशियनच्या बाबतीत बहुतेक राज्यांत फार्मसी मंडळाकडे नोंदणी अथवा परवाना लागतो, पण त्याच्या अटी तऱ्हेतऱ्हेच्या आहेत. टेक्सासमध्ये प्रथम शिकाऊ म्हणून नाव नोंदवावे लागते आणि ठरावीक मुदतीत राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. न्यूयॉर्कमध्ये टेक्निशियनची नोंदणी ही बाबच २०२२ साली अस्तित्वात आली, आणि तीही रुग्णालयांतील कामापुरती. राष्ट्रीय परीक्षा दोन : एक फार्मसी टेक्निशियन सर्टिफिकेशन बोर्डाची, जिला सारे जण पीटीसीबीची परीक्षा म्हणतात, आणि दुसरी नॅशनल हेल्थकरिअर असोसिएशनची. पहिलीत ९० प्रश्न असून ते १ तास ५० मिनिटांत सोडवायचे असतात, आणि १,००० ते १,६०० या मोजपट्टीवर १,४०० गुण मिळवणारा उत्तीर्ण होतो. २०२० सालापासून या परीक्षेला बसण्यासाठी बोर्डाने मान्य केलेला अभ्यासक्रम किंवा किमान ५०० तासांचा समकक्ष अनुभव आवश्यक झाला आहे. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी आपला अभ्यासक्रम त्या मान्य यादीत आहे ना, हे बोर्डाच्या यादीतच पडताळून घ्यावे. कॉलेजच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

आता महाराष्ट्रातून बी. फार्म. होऊन गेलेल्यांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण त्यांची कुचंबणा वेगळीच असते. महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी हाती असलेला, स्वतः औषधाचे दुकान चालवलेला वा कारखान्यात वर्षानुवर्षे काम केलेला माणूस अमेरिकेत गेल्यावर आपण तिथेही फार्मासिस्ट होऊ अशी अपेक्षा बाळगतो, आणि मग त्याला कळते की परदेशी पदवीधरांच्या पात्रतेची जी परीक्षा तिथे घेतली जाते, तिला बसण्यासाठी १ जानेवारी २००३ रोजी अथवा त्यानंतर पदवी मिळवणाऱ्याचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा असावा लागतो. आपली बी. फार्म. चार वर्षांची. भारतात २००८ साली सुरू झालेली सहा वर्षांची फार्म. डी. ही अट पुरी करते, बी. फार्म. नंतर केलेले एम. फार्म. धरून वर्षांची बेरीज जमेल, ही समजूत मात्र घातक आहे, कारण पात्रता मोजली जाते ती मूळ व्यावसायिक पदवीची. २००३ पूर्वीच्या पदवीधरांनी आपला मार्ग अजून खुला आहे की काय हे आधी पाहावे. नंतरच्यांनी मन खट्टू न करता टेक्निशियनच्या कामाकडे वळण्याचा विचार करावा. पुढेमागे तिथल्याच फार्मसी महाविद्यालयात प्रवेश घ्यायचा झाला, तर औषधांच्या दुकानातील तो अनुभव वाया जात नाही.

अशा पदवीधराने वर्गात बसून औषधनिर्माणशास्त्राची उजळणी करावी की थेट परीक्षा द्यावी, या वादात माझे मत उजळणीच्या बाजूचे आहे. मात्र तिचे कारण शास्त्रात नाही. शास्त्र त्याला शिक्षकाइतके, क्वचित अधिकही, येत असते. अडते ते व्यवहारात. तिकडे पॅरासिटामॉलला अॅसिटामिनोफेन म्हणतात, साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल, रिफाम्पिसिनला रिफाम्पिन, ग्लिबेनक्लामाइडला ग्लायब्युराइड, आणि अॅड्रेनॅलिनला एपिनेफ्रिन. तारखेत महिना आधी आणि दिवस नंतर येतो. मुलाचे वजन पौंडांत लिहिलेले असते आणि औषधाची मात्रा किलोमागे सांगितलेली असते, म्हणून आधी २.२ ने भागावे लागते. याहून मोठी गोष्ट विम्याची. आपल्याकडे गिऱ्हाईक पैसे देते आणि औषध घेऊन जाते. तिथे या दोन क्रियांमध्ये विमा कंपनी उभी असते, आणि टेक्निशियनचा निम्मा दिवस तिच्याशी संगणकावरून हुज्जत घालण्यात जातो. औषध पुन्हा भरण्याची मुदत अजून आली नाही म्हणून नकार, डॉक्टरची पूर्वपरवानगी नाही म्हणून नकार, आणि दिलेले औषध किती दिवसांचे हे चुकीचे नोंदवले म्हणूनही नकार.

ही ‘किती दिवसांचे’ ची बाब वरकरणी पोरकट वाटते. म्हणून तिचे एक उदाहरण देतो. इन्शुलिनची १० मिलिलिटरची कुपी, दर मिलिलिटरला १०० युनिट, म्हणजे कुपीत एकूण १,००० युनिट. रुग्ण रोज ४० युनिट घेत असेल तर कुपी २५ दिवस पुरेल, हे कोणीही सांगेल. परंतु तो रोज २० युनिट घेत असेल तर भागाकाराचे उत्तर ५० येते आणि तरीही ते चूक ठरते, कारण नेहमीच्या पुष्कळशा इन्शुलिनची उघडलेली कुपी २८ दिवसांनंतर टाकून द्यावी लागते. तिथे ५० लिहिणाऱ्याने विमा कंपनीच्या लेखी रुग्णाची पुढली कुपी तीन आठवड्यांनी लांबवली, असा त्याचा अर्थ होतो. चांगला शिक्षक अशीच गणिते घालतो.

दुसरे असे शिकण्याचे म्हणजे संशय घेण्याची शिस्त. नियंत्रित औषधे लिहिणाऱ्या डॉक्टरला केंद्र सरकारच्या अंमली पदार्थविषयक खात्याकडून एक क्रमांक मिळतो, त्यात दोन अक्षरे आणि सात अंक असतात, आणि शेवटचा अंक हा आधीच्या सहांचा पहारेकरी असतो. समजा अंक १२३४५६३ असे आहेत. पहिला, तिसरा आणि पाचवा यांची बेरीज ९. दुसरा, चौथा आणि सहावा यांची बेरीज १२, तिची दुप्पट २४. दोन्ही मिळून ३३. एककस्थानी ३, आणि क्रमांकाचा शेवटचा अंकही ३. म्हणजे क्रमांक निदान रचनेने तरी खरा. बनावट चिठ्ठी लिहिणारे पुष्कळ जण इथेच सापडतात. आणि संशय आला तरी टेक्निशियनने गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नसतो, चिठ्ठी फार्मासिस्टच्या पुढे ठेवायची असते. औषध कसे घ्यावे, कशाबरोबर घेऊ नये, हा सल्ला देण्याचा अधिकारही फार्मासिस्टचाच, ज्या बी. फार्म.ला उत्तर ओठांवर येत असूनही ‘थांबा, फार्मासिस्टला बोलावते’ म्हणणे जड जाते, तिने हे काम स्वीकारण्यापूर्वी स्वतःच्या स्वभावाशी एकदा सल्लामसलत करावी. रुग्णालयातील काम थोडे निराळे : तिथे निर्जंतुक खोलीत, वाहत्या गाळीव हवेच्या कक्षात सलाइनमध्ये औषधे मिसळणे असते, गिऱ्हाइकांची वर्दळ नसते, आणि हाताच्या कौशल्याला मान असतो. ज्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष अनुभवासाठी रुग्णालयाची जागा मिळते, तो केवळ दुकानात पाठवणाऱ्या अभ्यासक्रमाहून सरस समजावा.

ऑप्टिशियनविषयी आपल्याकडे गैरसमज अधिक. डोळ्यांवर शस्त्रक्रिया करणारा वैद्य एक, डोळे तपासून नंबर काढणारा ऑप्टोमेट्रिस्ट दुसरा, आणि त्या नंबराप्रमाणे चष्मा घडवून चेहऱ्यावर नीट बसवणारा ऑप्टिशियन तिसरा. या तिसऱ्याने डोळे तपासायचे नसतात, पण तपासणाऱ्याचे श्रम फळाला येणे वा न येणे त्याच्या बोटांवर अवलंबून असते. दोन बाहुल्यांमधील अंतर मोजण्यात आळस झाला, तर काय होते पाहा. भिंगाचा मध्यबिंदू बाहुलीसमोरून सरकला की ते भिंग लोलकासारखे वागू लागते, आणि त्याचा परिणाम किती झाला ते एका सोप्या नियमाने काढता येते : नंबराला सेंटिमीटरमधील विचलनाने गुणावे. उणे ६ नंबराचे भिंग अर्धा सेंटिमीटर बाजूला बसले, तर ३ एककांचा लोलकपरिणाम झाला. म्हणजे डोळ्याच्या स्नायूंना दिवसभर न मागितलेली मेहनत आली, आणि गिऱ्हाईक संध्याकाळी डोके धरून दुकानात आले. तेच विचलन पाऊण नंबराच्या भिंगात जवळजवळ जाणवतही नाही. म्हणूनच मोठ्या नंबराचा चष्मा हा ऑप्टिशियनच्या विद्येची खरी कसोटी.

अभ्यासक्रमात या नियमाच्या बरोबरीने नंबराची मांडणी फिरवणे येते. अधिक २.०० गोल, उणे १.०० दंडगोल, अक्ष १८०, ही चिठ्ठी आणि अधिक १.०० गोल, अधिक १.०० दंडगोल, अक्ष ९०, ही चिठ्ठी, दोन्ही एकच भिंग सांगतात. कृती इतकीच की, दंडगोलाचा आकडा गोलात मिळवावा, दंडगोलाचे चिन्ह उलटे करावे, आणि अक्ष ९० अंशांनी फिरवावा. गणित एवढेच, शाळेत बीजगणिताने ज्यांना छळले त्यांनीही भिण्याचे कारण नाही. खरा वेळ जातो तो प्रयोगशाळेत : भिंगाचा नंबर यंत्रावर वाचणे, भिंग फ्रेमच्या आकारात घासणे, प्लास्टिकची फ्रेम बारीक मिठाच्या गरम पेटीत किंवा गरम हवेत मऊ करून दांड्या कानामागे वळवणे, फ्रेम उलटी करून सपाट टेबलावर ठेवली असता वरच्या दोन्ही कडा आणि दोन्ही दांड्या टेकतात की नाही हे पाहणे. लांबचे आणि जवळचे दोन्ही नंबर एकाच भिंगात हळूहळू बदलत जाणारा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर आधी फ्रेम चेहऱ्यावर पुरती बसवायची आणि मगच बाहुलीची उंची काचेवर खुणेने नोंदवायची; हा क्रम उलटला की वाचायला मान वर करावी लागणारा चष्मा तयार होतो. असे भिंग पुन्हा घडवण्याचा खर्च दुकानाला सोसावा लागतो, त्यामुळे मालक नव्या माणसाकडे पहिल्या दिवसापासून याच नजरेने पाहतो.

न्यू जर्सीत ब्लॅकवुडचे कॅमडेन काउंटी कॉलेज, नॉर्थ कॅरोलायनात डरहॅम टेक, व्हर्जिनियात रिचमंडचे रेनॉल्ड्स कम्युनिटी कॉलेज, फ्लॉरिडात टॅम्पाचे हिल्सबरो, ही या विद्येसाठी परिचित असलेली नावे. प्रवेशाच्या वर्षी वर्ग चालू आहे ना याची चौकशी करावी, कारण विद्यार्थी थोडे असल्याने असे विभाग कधी बंद होतात, कधी तहकूब राहतात. परीक्षाही दोन : एबीओची चष्म्यासाठी आणि एनसीएलईची कॉन्टॅक्ट लेन्ससाठी. या राष्ट्रीय परीक्षांचे प्रमाणपत्र आणि राज्याचा परवाना या दोन भिन्न गोष्टी आहेत. कित्येक राज्यांत परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही परवान्याचा अर्ज, शुल्क आणि क्वचित प्रात्यक्षिक बाकी उरते.

पैशाच्या बाबतीत थोडक्यात. कॉलेजचा दर तीन प्रकारचा असतो : त्याच काउंटीतील रहिवाशांना सर्वांत कमी, राज्यातील इतरांना अधिक, आणि बाहेरच्यांना सर्वाधिक. न्यू जर्सीत अशी एक उपयुक्त तरतूद आहे की, आपल्या काउंटीच्या कॉलेजात तो अभ्यासक्रमच नसेल, तर दुसऱ्या काउंटीच्या कॉलेजात जाताना फरकाची रक्कम आपली काउंटी भरू शकते. तिला चार्जबॅक म्हणतात. एडिसनच्या आसपास राहणाऱ्याने ऑप्टिशियनच्या शिक्षणासाठी बाहेर जाण्यापूर्वी हा अर्ज मुदतीत करावा, मुदत टळल्यावर कोणी ऐकत नाही. केंद्र सरकारचे अनुदान नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना मिळते, व्हिसावरील जोडीदाराला नाही. मिळकतीची अपेक्षा बेताची ठेवावी : दोन्ही व्यवसायांत मधल्या पातळीचे वार्षिक वेतन ४० हजार डॉलरांच्या थोडे पुढे आहे, आणि नवख्याचे त्याहून कमी.

व्हिसाविषयी मात्र सावध राहणे अगत्याचे. एच-४ वरील जोडीदाराला शिकण्याची मुभा असते, पण काम करण्याची परवानगी २०१५ च्या नियमाने फक्त त्यांनाच मिळू शकते, ज्यांच्या जोडीदाराच्या ग्रीन कार्डाची कागदपत्रे पुरेशी पुढे गेली आहेत. परवानगी नसताना अभ्यासक्रम पुरा करणे शक्य आहे. त्यातील प्रत्यक्ष अनुभवाचे तास बिनपगारी असले तरी करता येतात की नाही, हा प्रश्न मात्र ज्याच्या त्याच्या प्रकरणावर अवलंबून असल्याने त्याचे उत्तर कॉलेजच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीकडून आणि शक्य तर वकिलाकडून लेखी घ्यावे. सोशल सिक्युरिटी क्रमांक नसताना परवान्याचा अर्ज कसा स्वीकारतात, हेही त्या राज्याच्या मंडळाला आधीच विचारावे.

अनुभवाच्या जागी रुजू होण्यापूर्वी पूर्ववृत्ताची चौकशी, मादक पदार्थांची चाचणी, हिपॅटायटिस बी आणि गोवराच्या लशींचे दाखले आणि क्षयाची तपासणी मागतात. या शेवटच्या बाबीत आपल्या लोकांची नेहमी फसगत होते. लहानपणी बीसीजीची लस टोचलेली असल्याने हातावरील त्वचेची चाचणी खोटीच सकारात्मक येऊ शकते, आणि मग छातीचे चित्र, डॉक्टरचा दाखला, पुन्हा भेट अशी साखळी सुरू होऊन प्रवेशाचे सत्र हुकते. म्हणून आरंभीच रक्ताची चाचणी मागून घ्यावी, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

आणि नावाचा प्रश्न. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे, मग वडिलांचे, पदवीवर माहेरचे, पासपोर्टवर सासरचे, आणि पतीचे नाव कधी मधल्या तर कधी स्वतःच्या नावाच्या रकान्यात. परीक्षा केंद्रावर नोंदणीतील नाव आणि ओळखपत्रावरील नाव जुळले नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत आणि शुल्कही परत मिळत नाही. तेव्हा कॉलेजचा पहिला अर्ज भरतानाच पासपोर्टवरील नाव जसेच्या तसे घालावे, विवाह नोंदणीचा दाखला मराठीत असेल तर त्याचे प्रमाणित भाषांतर करून घ्यावे, आणि नावबदलाचे राजपत्र काढलेले असल्यास त्याच्या दोन प्रती महाराष्ट्रातून निघतानाच सोबत घ्याव्यात. तिकडून मागवायच्या झाल्या तर त्यासाठी कोणाला तरी कचेरीत खेटे घालावे लागतात.